ॲडमिरल चेस्टर निमिट्झ

समुद्रापासून दूर, टेक्सासच्या डोंगराळ मुलखांत जन्मलेला एक बिनबापाचा मुलगा पुढें पॅसिफिक महासागरावरील अफाट आरमाराचा अधिपति झाला. आणि ज्या अधिकाऱ्यास तरुणपणीं आपलें जहाज चिखलांत रुतविल्याबद्दल लष्करी न्यायसभेपुढें आरोपी म्हणून उभें राहावें लागलें, त्याच्याच हातीं त्याच्या राष्ट्रानें अत्यंत संकटाच्या समयीं आपलें आरमार सोंपविलें. त्या पुरुषाचें चरित्र आम्ही या अंकांत वाचकांस सादर करीत आहों. लढायांचीं वर्णनें मोठमोठ्या ग्रंथांत भरपूर सांपडतात. तेव्हां तीं आम्हीं आटोपतीं घेतलीं आहेत. पाणबुडीसारख्या अंधाऱ्या, कोंदट आणि त्या काळीं बहुतेकांस नकोशा वाटणाऱ्या नोकरींतून हा मनुष्य वर कसा चढला, आणि एकदां झालेली चूक त्यानें कशी पचविली, हें सांगण्यांत आम्हांस अधिक गोडी वाटते.

चेस्टर विल्यम निमिट्झ याचा जन्म २४ फेब्रुवारी १८८५ रोजीं अमेरिकेच्या टेक्सास संस्थानांत फ्रेडरिक्सबर्ग या गांवीं झाला. हें गांव जर्मनींतून आलेल्या लोकांनीं इ. स. १८४६ मध्यें वसविलेलें. चेस्टरचा पिता त्याच्या जन्मापूर्वींच वारला होता. म्हणून पित्याची जागा आजोबांनीं भरून काढली. आजोबा चार्ल्स हेन्री निमिट्झ हे तरुणपणीं जर्मन व्यापारी जहाजांवर खलाशी होते. टेक्सासमध्यें स्थायिक झाल्यावर त्यांनीं एक हॉटेल काढलें. पण समुद्राचें वेड कांहीं सुटेना, म्हणून त्या हॉटेलाचा दर्शनी भाग त्यांनीं चक्क आगबोटीच्या आकाराचा बांधून घेतला! आजूबाजूला कोसच्या कोस कोरडी जमीन, आणि तिच्या मधोमध ही आगबोट उभी! नातवाचें बाळपण आजोबांच्या समुद्रावरील गोष्टी ऐकण्यांत गेलें. चेस्टर पांच वर्षांचा असतां त्याच्या आईनें धाकट्या दिराशीं पुनर्विवाह केला, व पुढें तें कुटुंब जवळच्या कर्व्हिल गांवीं जाऊन एक लहानसें हॉटेल चालवूं लागलें. शाळा सुटली कीं चेस्टर तेथें लांकडें फोडी, शेगड्या पेटत्या ठेवी, आलेल्या पाहुण्यांची नोंद करी, आणि उरलेल्या वेळांत अभ्यासाचीं पुस्तकें उघडी.

इ. स. १९०० मध्यें त्या हॉटेलांत दोन तरुण लष्करी अधिकारी उतरले. वयानें ते चेस्टरपेक्षां फार मोठे नव्हते. पण त्यांचा पोषाख, त्यांची ऐट आणि त्यांचें शिक्षण पाहून त्याला वाटलें कीं, आपणही वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयांत जावें. घरच्या गरिबींत उच्च शिक्षण फुकट मिळण्याचा दुसरा मार्गही नव्हता. त्यानें आपल्या भागाच्या प्रतिनिधीकडे अर्ज केला. उत्तर आलें कीं, वेस्ट पॉइंटची जागा शिल्लक नाहीं. मात्र ॲनापोलिसच्या आरमारी विद्यालयांत एक जागा आहे, व जो परीक्षेंत पहिला येईल त्याला ती मिळेल. त्या विद्यालयाचें नांवही चेस्टरनें तोंवर ऐकलेलें नव्हतें. तरी त्यानें कंबर बांधली. पहांटे तीनला उठावें, पुस्तक घेऊन बसावें, आणि उजाडल्यावर हॉटेलाच्या कामाला लागावें, असा क्रम त्यानें ठेविला. शाळेंतील शिक्षकांनीं आपला वेळ मोडून त्याला शिकविलें. तो पहिला आला, आणि शाळेचा अखेरचा दाखला हातीं पडण्यापूर्वींच १९०१ सालीं ॲनापोलिसला दाखल झाला. तो अपुरा राहिलेला दाखला त्याच्या शाळेनें पुढें कित्येक वर्षांनीं, तो जगप्रसिद्ध ॲडमिरल झाल्यावर, त्याला दिला.

१९०५ च्या जानेवारींत ११४ विद्यार्थ्यांच्या वर्गांत सातवा क्रमांक मिळवून तो बाहेर पडला. येथून पुढें आम्ही त्याचा उल्लेख बहुवचनानें करूं. निमिट्झ यांची पहिली नेमणूक ओहायो या युद्धनौकेवर झाली, व ती नौका त्यांना पूर्वेकडील समुद्रांत घेऊन गेली. त्याच वर्षीं जपानच्या ॲडमिरल टोगो यांनीं सुशिमाच्या लढाईंत रशियाचें आरमार बुडविलें होतें. टोकियोस विजयाप्रीत्यर्थ बादशहांनीं दिलेल्या उद्यान-समारंभास अमेरिकन जहाजावरील कांहीं उमेदवार अधिकाऱ्यांस बोलावणें आलें. टोगो जवळून जात असतां या तरुणांनीं धीर करून त्यांना आपल्या मेजाशीं बसण्याची विनंति केली, आणि तो विजयी सेनानी खरोखरच त्या पोरांमध्यें येऊन बसला व थोडा वेळ त्यांच्याशीं इंग्रजींत बोलला. निमिट्झ ही भेट जन्मभर विसरले नाहींत.

आतां त्या चिखलाची गोष्ट. १९०८ सालीं, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, निमिट्झ हे फिलिपाईन्समध्यें डेकेटर या विनाशिकेचे कप्तान होते. एवढ्या लहान वयांत विनाशिका हाताखालीं येणें हा मोठाच मान. ७ जुलैच्या रात्रीं बटांगास बंदरांत शिरतांना त्यांनीं जहाजाचें स्थान काटेकोरपणें मोजून घेतलें नाहीं, नुसता अजमास केला. भरती आहे कीं ओहोटी याचीही खातरजमा केली नाहीं. जहाज चिखलांत जाऊन बसलें. खूप खटपट केली, पण तें हलेना. तेव्हां निमिट्झ यांनीं काय करावें? जी गोष्ट आपल्या हातांत उरली नाहीं तिची काळजी करीत बसूं नये, हें आजोबांचें शिकवणें त्यांना आठवलें. त्यांनीं डेकवर खाट टाकली आणि ते झोपीं गेले! दुसऱ्या दिवशीं एका लहान आगबोटीनें विनाशिकेस ओढून बाहेर काढलें.

जहाजाला मोठी इजा झाली नव्हती, आणि निमिट्झ गप्प बसते तर कदाचित् गोष्ट तेथेंच मिटली असती, असें कोणास वाटेल. परंतु त्यांनीं घडलेला प्रकार वरिष्ठांस कळविला. न्यायसभा बसली. कामांत हयगय केल्याचा दोष त्यांच्यावर ठेवण्यांत आला व त्यांस जाहीर ठपका मिळाला. पूर्वींचें काम चांगलें होतें व त्या भागाचे समुद्राचे नकाशेही फारसे विश्वसनीय नव्हते, हें ध्यानीं घेऊन न्यायाधीशांनीं शिक्षा सौम्य ठेविली. पुढें दीडेक वर्षांतच त्यांना बढती मिळाली. आमच्या मतें या चरित्रांतील पुढच्या बऱ्याच गोष्टींचें मूळ येथें आहे: एक चूक केलेल्या माणसाला वरिष्ठांनीं कायमचें टाकून दिलें नाहीं, आणि हें त्या माणसानें लक्षांत ठेविलें.

मायदेशीं परतल्यावर निमिट्झ यांनीं मोठ्या युद्धनौकेवरील जागा मागितली. मिळाली ती पाणबुडीवरील. १९०९ सालीं पाणबुडी म्हणजे एक चमत्कारिक खेळणें समजलें जाई. महत्त्वाकांक्षी अधिकारी तिच्यापासून दूर राहत. निमिट्झ यांच्या ताब्यांत आलेली प्लंजर ही पाणबुडी अवघी ६४ फूट लांबीची होती, आणि तिच्यावर माणसें होतीं सात. पाण्याच्या पृष्ठभागावर असतां ती पेट्रोलच्या इंजिनावर चाले; खालीं जावयाचें झालें कीं टांक्यांत समुद्राचें पाणी भरून घ्यावयाचें, इंजिन बंद करावयाचें, आणि बॅटऱ्यांत सांठविलेल्या विजेवर पुढें जावयाचें; वर यावयाचें झालें कीं दाबून भरलेल्या हवेच्या जोरानें तें पाणी बाहेर हांकलून द्यावयाचें. पेट्रोलची वाफ त्या बंदिस्त जागेंत कोंडून राही. तिनें माणसांना घेरी येई, आणि विजेची एखादी ठिणगी उडाली तर सगळ्यांचाच शेवट होण्याचें भय असे.

मनासारखी जागा न मिळाल्यानें हिरमुसून बसणारे लोक आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. निमिट्झ यांनीं या नकोशा यंत्राचा कसून अभ्यास आरंभिला. एकामागून एक चार पाणबुड्या त्यांच्या ताब्यांत आल्या. पेट्रोल टाकून डीझेल इंजिनें वापरावीं, असा त्यांनीं आग्रह धरला. डीझेल तेल इतक्या सहजासहजीं पेट घेत नाहीं. १९१२ च्या फेब्रुवारींत सेवेंत आलेली स्किपजॅक ही अमेरिकेच्या अगदीं पहिल्या डीझेल पाणबुड्यांपैकीं एक होती, आणि तिचे पहिले कप्तान निमिट्झ हेच होते. त्याच वर्षीं आरमारी युद्धशास्त्राच्या महाविद्यालयांत पाणबुड्यांच्या डावपेचांवर व्याख्यान देण्याचा मान त्यांस मिळाला. तेव्हां त्यांचें वय होतें २७ वर्षांचें.

या स्किपजॅकवरच, २० मार्च १९१२ रोजीं, एक खलाशी पाण्यांत पडला. त्याला पोहतां येत नव्हतें, आणि ओढ जबर होती. कप्तानानें दुसऱ्या कोणास हुकूम सोडला नाहीं. त्यानें स्वतः उडी घेतली. त्या खलाश्यास वर धरून ठेवतांना दोघेही प्रवाहाबरोबर वाहत चालले, तोंच जवळच्या युद्धनौकेवरील होडीनें त्यांना उचलून घेतलें. या कृत्याबद्दल निमिट्झ यांस प्राणरक्षणाचें रौप्यपदक देण्यांत आलें. युद्धांत मिळालेल्या इतर मोठमोठ्या पदकांच्या रांगेंत हें साधें पदक आम्हांस सर्वांत उजळ वाटतें.

१९१३ च्या एप्रिलमध्यें कॅथरीन फ्रीमन यांच्याशीं त्यांचा विवाह झाला, आणि लगेच सरकारनें त्यांस डीझेल इंजिनांचें ज्ञान मिळविण्यासाठीं जर्मनीस धाडलें. परत आल्यावर मॉमी या तेलवाहू जहाजावर त्यांनीं तशींच मोठीं इंजिनें बसविलीं. एके दिवशीं पाहुण्यांना इंजिन चालवून दाखवितांना त्यांचा हातमोजा दांतेरी चाकांत अडकला. डाव्या हाताचें एक बोट तुटलें. सबंध हातच आंत खेंचला जावयाचा, पण त्या बोटांत ॲनापोलिसची अंगठी होती, ती चाकांना आडवी आली व हात वांचला. यानंतर इंजिनें बनविणाऱ्या एका कंपनीनें त्यांना आरमारांतील पगाराच्या कित्येक पट पगार देऊं केला. त्यांनीं नकार दिला. १९१७ सालीं अमेरिका पहिल्या महायुद्धांत उतरली, तेव्हां युरोपकडे निघालेल्या विनाशिकांना भर समुद्रांत, चालतां चालतां, मॉमीवरून नळ्यांनीं तेल देण्याची पद्धत निमिट्झ व त्यांचे सोबती यांनीं बसविली. ऐकावयास ही गोष्ट लहान वाटते. पण पंचवीस वर्षांनीं ज्या महासागरांत बंदराशिवाय हजारों मैल जावयाचें होतें, तेथें सारें आरमार याच युक्तीवर जगलें.

मधला काळ आम्ही झपाट्यानें ओलांडतों. १९१८ मध्यें ते अटलांटिक आरमाराच्या पाणबुडी-दलाच्या सेनापतींचे मुख्य सहाय्यक झाले. १९२० सालीं त्यांना हवाई बेटांवर पर्ल हार्बर येथें पाणबुड्यांचा तळ बांधण्यास पाठविण्यांत आलें. पैसा थोडा, सामान त्याहून थोडें. महायुद्ध संपल्यामुळें ठिकठिकाणीं पडून राहिलेलें साहित्य जमवून त्यांनीं निवडुंगांच्या रानांत तो तळ उभा केला. पुढें त्यांनीं विद्यार्थ्यांस शिकविलें, पाणबुड्यांच्या तुकडीचें नेतृत्व केलें, ऑगस्टा या क्रूझरवर कप्तान म्हणून पुन्हां पूर्वेस गेले, आणि १९३४ मध्यें टोगो यांच्या अंत्यविधीस हजर राहिले. १९३८ सालीं ते रिअर-ॲडमिरल झाले, व नंतर आरमारांतील नेमणुकांच्या खात्याचे प्रमुख.

१९४१ च्या आरंभीं अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं त्यांना पॅसिफिकमधील आरमाराचें आधिपत्य देऊं केलें होतें. आपल्याहून वडील अधिकारी पुष्कळ आहेत, असें सांगून निमिट्झ यांनीं तें नाकारलें. ती जागा ॲडमिरल किमेल यांस मिळाली. ७ डिसेंबर १९४१ रोजीं, रविवारीं सकाळीं, जपानी विमानांनीं पर्ल हार्बरवर अचानक हल्ला केला. २,४०० हून अधिक अमेरिकन मरण पावले. तेथें असलेल्या आठही युद्धनौकांस मार बसला व त्यांतील चार बुडाल्या. किमेल यांस पदावरून दूर करण्यांत आलें. निमिट्झ यांनीं पहिल्यानें होकार दिला असता तर हा कलंक त्यांच्या माथीं आला असता, हें कोणासही कळेल. त्यांना तर तें पक्कें ठाऊक होतें.

नाताळच्या दिवशीं सकाळीं निमिट्झ पर्ल हार्बरास उतरले. बंदराच्या पाण्यावर तेलाचा काळा थर होता, आणि होड्या अजून प्रेतें शोधीत फिरत होत्या. ३१ डिसेंबर रोजीं त्यांनीं अधिकाराचीं सूत्रें हातीं घेतलीं, तीं ग्रेलिंग या पाणबुडीच्या डेकवर. आणि ही पाणबुडी उभी होती ती वीस वर्षांपूर्वीं त्यांनींच बांधलेल्या तळाच्या धक्क्याला. किमेल यांचे सहाय्यक अधिकारी मान खालीं घालून शिक्षेच्या बदल्यांची वाट पाहत होते. निमिट्झ यांनीं त्यांना एकत्र बोलाविलें आणि सांगितलें कीं, तुमच्यावर माझा विश्वास आहे, तुम्ही जागेवरच राहा. किमेल यांसही त्यांनीं बोलून दाखविलें कीं, ही वेळ कोणावरही आली असती. बटांगासच्या चिखलांत रात्र काढलेल्या मनुष्यासच असें बोलणें सुचावें!

त्या ठेवून घेतलेल्या मंडळींत गुप्तवार्ता पाहणारे लेटन हे होते. त्यांच्या व गुप्तलिपि उलगडणाऱ्या रोशफोर्ट यांच्या अंदाजावर विसंबून निमिट्झ यांनीं १९४२ च्या जूनमध्यें आपलीं तिन्ही विमानवाहू जहाजें मिडवे बेटापाशीं दबा धरून ठेविलीं. त्यांपैकीं यॉर्कटाउन आधींच्या लढाईंत इतकें मोडलें होतें कीं, दुरुस्तीस महिने लागावेत. तें सुमारें तीन दिवसांत समुद्रावर जाण्याजोगें करण्यांत आलें. लढाईच्या दिवशीं नॉटिलस या अमेरिकन पाणबुडीचा पाठलाग करण्यांत गुंतलेली एक जपानी विनाशिका आपल्या ताफ्याकडे वेगानें परतत होती. तिच्या मागील पाण्याच्या पांढऱ्या रेघेवरून अमेरिकन वैमानिकांस शत्रूचीं जहाजें सांपडलीं. जपानचीं चार विमानवाहू जहाजें बुडालीं. यॉर्कटाउनला मात्र एका जपानी पाणबुडीनें गांठलें, आणि तेंही तळास गेलें.

पाणबुड्यांचें खरें काम जपानचीं तेलवाहू व मालवाहू जहाजें बुडविण्याचें होतें, आणि तेथें मोठी अडचण उभी राहिली. टॉर्पेडो फुटेनात! नेम बरोबर धरून सोडलेला टॉर्पेडो शत्रूच्या जहाजाखालून निघून जाई, किंवा त्याच्या अंगावर आदळून नुसता ठण्ण आवाज करी. राजधानींतील शस्त्रखातें म्हणे, दोष यंत्राचा नाहीं, कप्तानांचा आहे. पाणबुडी-दलाचे सेनापति लॉकवुड यांनीं ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर मासे धरण्याचीं जाळीं पाण्यांत सोडून त्यांतून टॉर्पेडो मारून पाहिले. जाळ्यांस पडलेल्या भोंकांवरून कळलें कीं, ते ठरविलेल्या खोलीपेक्षां दहा-अकरा फूट खालून जातात. पुढें टॉर्पेडोच्या लोहचुंबकी खटक्यावर संशय आला. १९४३ च्या जूनमध्यें निमिट्झ यांनीं तज्ज्ञांचा विरोध बाजूस ठेवून तो खटका बंद करण्याचा हुकूम दिला. तरीही कांहीं टॉर्पेडो फुटत नव्हते. तेव्हां हवाईंतील एका कड्यावर ते झाडून पाहण्यांत आले, आणि सरळ आदळल्यास आंतील दट्ट्या चेपतो असें आढळून आलें. तो सुधारण्यांत आला. निमिट्झ यांचा एकुलता एक मुलगाही त्या वेळीं पाणबुड्यांवरच होता. सदोष हत्यार देऊन माणसांना खोल पाण्यांत पाठविणें म्हणजे काय, हें समजण्यास त्यांना कागदपत्रांची गरज नव्हती.

यानंतर जपानचा व्यापारी काफिला झपाट्यानें नाहींसा होऊं लागला. युद्धांत बुडालेल्या जपानी व्यापारी जहाजांपैकीं निम्म्याहून अधिक पाणबुड्यांनीं बुडविलीं. त्याची किंमत ५२ अमेरिकन पाणबुड्या आणि सुमारें ३,५०० माणसें. दुसऱ्या बाजूची किंमतही सांगितली पाहिजे. २२ ऑगस्ट १९४४ च्या रात्रीं बोफिन या पाणबुडीनें सुशिमा मारू नांवाचें जहाज बुडविलें. त्या जहाजांतून ओकिनावाचीं शाळकरी मुलें सुरक्षित स्थळीं नेण्यांत येत होतीं, हें पाणबुडीवरील कोणास ठाऊक नव्हतें. सातशेंहून अधिक मुलें बुडालीं. तीं आमच्या वाचकांच्याच वयाचीं होतीं.

ही गोष्ट निमिट्झ यांच्या चरित्रांतून गाळतां येत नाहीं, आणि त्यांनीं स्वतःही जबाबदारी गाळली नाहीं. १९४६ सालीं न्यूरेंबर्ग येथें जर्मन ॲडमिरल डोनित्झ यांच्यावर खटला चालला असतां, इशारा न देतां व्यापारी जहाजें बुडविल्याचा आरोप त्यांत होता. डोनित्झ यांच्या वकिलानें निमिट्झ यांस लेखी प्रश्न धाडले. ज्या शत्रुपक्षाचा नुकताच पराभव झाला त्याला हें उत्तर उपयोगी पडणार, हें उघड होतें. निमिट्झ यांनीं शपथेवर खरें तें लिहून दिलें: पॅसिफिकमध्यें अमेरिकेच्या पाणबुड्याही युद्धाच्या पहिल्या दिवसापासून तसेंच वागत होत्या, आणि स्वतःस विशेष धोका असेल तेव्हां बुडणाऱ्या शत्रूस त्या वांचवीत नसत. डोनित्झ यांस इतर दोषांबद्दल दहा वर्षांची कैद झाली. परंतु पाणबुडी-युद्धाचे नियम मोडल्याबद्दल त्यांच्या शिक्षेंत भर घालण्यांत आली नाहीं.

त्यापूर्वीं, १९४४ च्या डिसेंबरांत, निमिट्झ हे फ्लीट ॲडमिरल झाले होते. मराठ्यांच्या भाषेंत सरखेल म्हणावें, तसेंच हें पद. २ सप्टेंबर १९४५ रोजीं टोकियोच्या उपसागरांत मिसूरी या नौकेवर जपानच्या शरणागतीच्या कागदावर अमेरिकेतर्फे त्यांनीं सही केली. पुढें दोन वर्षें ते सर्व आरमाराचे प्रमुख होते. त्या पदावरून उतरण्याच्या सुमारास, १९४७ च्या डिसेंबरांत, अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी बांधण्याच्या योजनेस त्यांनीं संमति दिली; पेट्रोलच्या वाफेंत गुदमरत ज्यानें आरंभ केला, त्याच्याच मान्यतेनें हें नवें युग उघडलें. १९५५ सालीं ती पाणबुडी प्रथम समुद्रांत गेली. तिचें नांव पुन्हां नॉटिलस. आपल्या देशाशींही त्यांचा संबंध आला: १९४९ च्या मार्चमध्यें संयुक्त राष्ट्रसंघानें काश्मीरच्या नियोजित सार्वमताचे प्रशासक म्हणून त्यांस नेमलें. परंतु सैन्यें मागें घेण्याविषयीं हिंदुस्थान व पाकिस्तान यांचें एकमत झालें नाहीं. तें सार्वमत झालें नाहीं, आणि निमिट्झ त्या कामांतून मोकळे झाले.

आत्मचरित्र त्यांनीं लिहिलें नाहीं. लिहिल्यास कोणा ना कोणा सहकाऱ्याचें मन दुखावेल, अशी त्यांना धास्ती होती. मात्र एका गोष्टीसाठीं त्यांनीं लेखणी उचलली. सुशिमाच्या लढाईंतील टोगो यांची मिकासा ही नौका जपानांत योकोसुका येथें मोडक्या स्थितींत पडली होती; युद्धानंतर लोकांनीं तिचे लोखंडी व पितळी भागही काढून नेले होते. जपानी मासिकांत लेख लिहून निमिट्झ यांनीं तिच्या जीर्णोद्धारास हातभार लावला, आणि १९६१ सालीं ती पुन्हां लोकांस पाहण्यासाठीं खुली झाली.

२० फेब्रुवारी १९६६ रोजीं, एक्याऐंशी वर्षें पुरीं होण्यास चार दिवस असतां, सान फ्रान्सिस्कोच्या उपसागरांतील एका बेटावर त्यांचें निधन झालें. राजधानीजवळच्या आर्लिंग्टन येथील मानाच्या जागेऐवजीं सान ब्रूनो येथील लष्करी दफनभूमि त्यांनीं पसंत केली होती. तेथें ते आपले सहकारी स्प्रूअन्स, टर्नर आणि पाणबुड्यांचे लॉकवुड यांच्या शेजारीं विसावले आहेत. त्यांच्या थडग्यावरचा दगड भोंवतालच्या हजारों सामान्य शिपायांच्या दगडांसारखाच आहे.